मंत्र्याने उत्तर द्यावयाचे ते कोणाला?
(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'कार्यकारी सत्तेवर विधिमंडळाचा अंकुश' असा भारदस्त विषय चिटणीसांनी मला नेमून दिला आहे. अशा विषयावर तत्त्वाच्या गोष्टी सांगून तासभर सहज काढता येतो आणि श्रोते कोरडेच घरी जातात. म्हणून मी घटनेची कलमे वाचून दाखविणार नाही. एकच कलम सांगतो, कारण पुढले सारे त्याच्यावर उभे आहे. आपल्या राज्यघटनेच्या ७५व्या अनुच्छेदात म्हटले आहे की मंत्रिमंडळ हे लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. राष्ट्रपतीला नव्हे, पक्षाला नव्हे, पंतप्रधानालाही नव्हे, लोकसभेला. आता हा 'जबाबदार' शब्द कागदावर लिहिणे सोपे आहे. एखाद्या खात्यात गैरव्यवहार झाला, मंत्री म्हणाला की मला ठाऊक नव्हते, सचिव म्हणाला की मंत्र्यांनीच होकार दिला, तर जबाबदार कोण आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न या देशात प्रथम धसाला लागला तो १९५७-५८ साली. त्या प्रकरणाला मुंदडा प्रकरण म्हणतात. नाव बहुतेकांनी ऐकले असेल. पण त्यात संसदेने नेमके काय केले आणि काय केले नाही, याचा विसर पडला आहे.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगितली म्हणजे मुंदडा प्रकरणाचे वेगळेपण ध्यानात येईल. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू असता लष्करासाठी जीपगाड्यांची निकड होती. लंडनमधील आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी नेहमीची खरेदीची रीत बाजूला ठेवून २००० जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार केला. प्रत्यक्षात आल्या दीडशेच्या आसपास, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेच्या लोकलेखा समितीने यावर कडक ताशेरे ओढले, चौकशीची शिफारस केली. सरकारने काय केले? १९५५ साली गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी हे प्रकरण सरकारपुरते संपले असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. समितीने लिहिले आणि सरकारने दप्तरात ठेवले. तेव्हा संसदेच्या हाती आयुध नव्हते असे नाही. त्या आयुधाला धार लावणारा हात सरकारी बाकांवर नव्हता, हे खरे.

तो हात पुढे आला तो आयुर्विम्याच्या निमित्ताने. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ भारतीय विमा कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. सरकारने पाच कोटींचे भांडवल घातले. पण महामंडळाच्या तिजोरीतला खरा पैसा विमेदारांचा. शाळामास्तर, पोस्टातला कारकून, गिरणीतला जॉबर, तालुक्याच्या गावचा वकील, यांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते. खासगी विमा कंपन्यांचे मालक हा पैसा आपल्या धंद्यात फिरवतात, म्हणून तर राष्ट्रीयीकरण करावे लागले. तेव्हा सरकारच्या ताब्यात आल्यावर वर्षाच्या आतच तोच प्रकार घडावा, यातली विपरीतता तुमच्या लक्षात येईल.

मध्येच एक गोष्ट सांगून ठेवतो. ती विषयांतर नाही. ज्या आठवड्यात ही घोषणा झाली त्याच आठवड्यात मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर होऊन शहरात पोलिसांच्या गोळ्या चालत होत्या. चिंतामणरावांनी राजीनामा दिला तो त्या प्रश्नावर. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्यांनी आपली कारणे सांगितली. त्यांत मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाला योग्य रीतीने विचारात न घेता जाहीर झाला ही तक्रार होती. आणि गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी सरकारने धुडकावली, हीही होती. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. म्हणजे पाहा, गोळीबाराची चौकशी करा म्हणणारा अर्थमंत्री गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या अर्थमंत्र्याच्या कारभाराची चौकशी दोन वर्षांच्या आत त्याच मुंबईत करावी लागली. पैशाच्या गैरव्यवहाराची चौकशी झाली आणि माणसांच्या मृत्यूची झाली नाही, हा भेद आपल्या भागातल्या माणसाला बोचल्यावाचून राहणार नाही. पण त्याबद्दल जी झाली त्या चौकशीचे मोल कमी करण्याचे कारण नाही.

आता व्यवहार पाहू. हरिदास मुंदडा हे कलकत्त्याचे उद्योगपती. खरे म्हणजे कंपन्यांचे शेअर गोळा करून त्यांवर आणखी कर्ज काढणारे सट्टेवाले. १९५७च्या जूनमध्ये ते पुरते अडचणीत आले होते. त्याच महिन्याच्या २४-२५ तारखांच्या सुमारास आयुर्विमा महामंडळाने त्यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर खरेदी केले. रिचर्डसन क्रुडास, जेसप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशी त्या कंपन्यांची नावे. महामंडळाला गुंतवणुकीविषयी सल्ला देण्यासाठी एक समिती होती. तिला आधी विचारले नाही. खरेदी बाजारात झाली नाही, थेट विकणाऱ्याशी बोलणी करून झाली. आणि ती बोलणी केली कोणी? महामंडळाच्या तज्ज्ञांनी नव्हे. अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल यांनी पुढाकार घेतला.

पुढे याचे समर्थन असे झाले की कलकत्त्याचा शेअरबाजार कोसळण्याच्या बेतात होता, त्याला टेकू द्यावा म्हणून खरेदी केली. हे ऐकायला ठीक आहे. पण बाजार सावरावयाचा असेल तर बाजारात उतरून खरेदी करावी लागते. एका गृहस्थाच्या घरचा माल त्याच्याच घरी जाऊन उचलल्याने बाजार कसा सावरतो? आणि सावरण्याजोग्या सगळ्या कंपन्या एकाच माणसाच्या कशा निघाल्या? हा साधा प्रश्न आहे. तो विचारावयाला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पण तो लोकसभेत विचारला जाईपर्यंत सहा महिने जावे लागले.

सप्टेंबर १९५७ मध्ये डॉ. राम सुभग सिंग यांनी प्रश्न घातला. नोव्हेंबरअखेर पुन्हा प्रश्न आला, उपप्रश्न आले. सरकारची उत्तरे सरकारी उत्तरांसारखीच होती: खोटी म्हणता येत नाहीत, आणि खरे काय तेही कळत नाही. ज्यांनी विधिमंडळाचे कामकाज पाहिले आहे त्यांना ही कला परिचित आहे. प्रश्न 'का' असा असतो, उत्तर 'किती' याचे मिळते. मंत्र्याचे उत्तर खात्यातले अधिकारी लिहून देतात. प्रश्न खात्यावरच असेल तर आरोपीनेच पंचनामा लिहावा तसे होते.

१६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी उभे राहिले. हे रायबरेलीचे काँग्रेसचे सभासद. पंतप्रधानांचे जावई, हेही सांगावयास हवे, कारण त्या दिवशी सभागृहात प्रत्येकाच्या मनात तेच होते. विरोधकाने आरोप केला तर सरकार पक्ष मेजे वाजवून तो बुडवतो. स्वपक्षाचा, आणि असा निकटचा, सभासद बोलू लागला म्हणजे मेजे वाजविणाऱ्यांची पंचाईत होते. पण केवळ नात्याच्या जोरावर ते भाषण गाजले नाही. फिरोज गांधी पुरी तयारी करून आले होते. कोणत्या तारखेला कोणत्या शेअरचा भाव काय होता आणि महामंडळाने काय दिला, याचा तपशील त्यांच्या हाती होता. त्यांचे म्हणणे असे की ज्या महामंडळाला संसदेने जन्म दिला त्याच्यावर नजर ठेवणे हे संसदेचेच कर्तव्य. आणि तेथे जनतेच्या पैशाचा दुरुपयोग झाला असेल तर ते सभागृहातच उघडे पडले पाहिजे. आवाज चढवून नव्हे, आकडे मांडून त्यांनी हे केले. आज विधिमंडळांत कागद भिरकावण्याला धाडस म्हणतात. त्या दिवशीचे कागद वाचण्यासाठी आणले होते.

सरकारला चौकशी मान्य करावी लागली. १७ जानेवारी १९५८ रोजी मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश महंमद करीम छागला यांचे एकसदस्य चौकशी मंडळ नेमले गेले. काम मुंबईत चालले आणि उघड चालले. हे छागलांचे मोठेपण. असल्या चौकशा बंद दाराआड व्हाव्यात अशी सत्तेची स्वाभाविक इच्छा असते. छागलांनी दारे उघडी ठेवली, इतकेच नव्हे तर आत न मावणाऱ्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक बसविले गेले. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड मंडळाला साहाय्य करीत होते. देशाचा अर्थमंत्री, त्याचा मुख्य सचिव, महामंडळाचे अध्यक्ष कामत, व्यवस्थापकीय संचालक वैद्यनाथन साक्षीला येत आहेत आणि रस्त्यावरचा विमेदार त्यांची उलटतपासणी कानांनी ऐकतो आहे, असे दृश्य या देशाने त्यापूर्वी पाहिले नव्हते. आणि चोवीस दिवसांत, १० फेब्रुवारीला, अहवाल हातात! ज्यांच्या मुदती पाच-पाच वर्षे वाढत जातात अशी चौकशी मंडळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा आकडा छपाईची चूक वाटेल.

साक्षींत मुख्य पेच हाच निघाला की मंत्र्याला माहीत होते की नव्हते. पटेलांचे म्हणणे, मंत्र्यांची संमती होती. कृष्णम्माचारींचे म्हणणे, मी या विशिष्ट व्यवहाराला होकार दिला नाही. सचिव आणि मंत्री यांनी एकमेकांविरुद्ध उघड साक्ष द्यावी हीच मुळात घटनेच्या प्रथेला धक्का देणारी गोष्ट. नोकर पडद्याआड राहतो, मंत्री पुढे उभा राहतो. स्तुतीही त्याची, निंदाही त्याची, असा तो संकेत. तो संकेत मोडला तर उद्या कोणताही मंत्री संकट येताच आपल्या सचिवाला पुढे ढकलील, आणि कोणताही सचिव मंत्र्याचा तोंडी हुकूम मानावयाला तयार होणार नाही. छागलांनी या पेचातून जो मार्ग काढला तो मला अहवालाचा गाभा वाटतो. त्यांनी सांगितले की सचिवाने महामंडळाबाबत जे केले त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला घ्यावीच लागेल. तो हाताखालच्यांच्या आड लपू शकत नाही आणि त्यांची कृत्ये नाकारूही शकत नाही. इंग्लंडमध्ये १९५४ साली शेतीमंत्री टॉमस डगडेल यांनी क्रिचेल डाऊनच्या जमिनीच्या प्रकरणात, चुका अधिकाऱ्यांच्या असूनही, स्वतः राजीनामा दिला होता. ते उदाहरण ताजे होते.

अहवालातल्या शिफारशींपैकी दोन-तीन आजही कामाच्या आहेत. सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये. करावयाचीच असेल तर लेखी आदेश द्यावा, तोंडी सूचना देऊन नामानिराळे राहू नये. महामंडळाच्या कायद्यातच लेखी निर्देशाची तरतूद होती. तिला बगल देऊन सारे कुजबुजीत झाले होते. सरकारी नोकरीतून महामंडळावर गेलेल्या अधिकाऱ्याने आपली निष्ठा महामंडळाशी ठेवावी, जुन्या वरिष्ठांच्या मर्जीशी नव्हे. आणि मंत्र्याने अशा गोष्टीत संसदेला पहिल्याच संधीस विश्वासात घ्यावे. ही शेवटची शिफारस बोलकी आहे. सप्टेंबरमध्येच सरळ उत्तर मिळते तर डिसेंबरची वेळ आली नसती.

कृष्णम्माचारींनी फेब्रुवारीतच राजीनामा दिला. स्वतंत्र भारतात संसदेत उठलेल्या आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रश्नापायी अर्थमंत्र्याला जावे लागले असे हे पहिले उदाहरण. १९५८चे अंदाजपत्रक पंडित नेहरूंनाच मांडावे लागले. पण नेहरूंनी राजीनामा स्वीकारताना लिहिलेले पत्र मला खटकते. या प्रकरणात तुमचा वाटा सर्वांत लहान होता, अशी आपली खात्री आहे असा त्या पत्राचा सूर होता. मित्राचे मन राखावयाला ते ठीक. पण न्यायासनाने जबाबदारी मंत्र्यावर ठेवली आणि पंतप्रधानाने ती त्याच हाताने अधिकाऱ्यांकडे सरकवली, असा त्याचा अर्थ होतो. आणि तो तसा झालाही. पटेल, कामत, वैद्यनाथन यांच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी नागपूरच्या हायकोर्टाचे पूर्वीचे सरन्यायाधीश व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक मंडळ बसले. पटेल सनदी नोकरी सोडून गुजरातेत शिक्षणसंस्थेच्या कामात गेले. मुंदडांना पुढे तुरुंग पाहावा लागला. कृष्णम्माचारी १९६२ साली मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री झाले. काळाचा विनोद असा की तेच पटेल १९७७ साली जनता सरकारात अर्थमंत्री झाले.

तेव्हा कोणी विचारील, मग साधले काय? मी असे म्हणेन की माणसे परत आली, पण काही गोष्टी बदलल्या त्या बदललेल्याच राहिल्या. सरकारी कंपन्या आणि महामंडळे यांच्या कारभारावर संसदेचे लक्ष कसे राहील याची चर्चा या प्रकरणानंतर जोराने सुरू झाली आणि १९६४ साली सरकारी उपक्रमांसाठी संसदेची स्वतंत्र समिती स्थापन झाली. त्याच वर्षी, संथानम समितीच्या शिफारशीवरून, केंद्रीय दक्षता आयोग आला. लोकपाल हा शब्द १९६३ साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी संसदेत वापरला. पहिले विधेयक १९६८ साली आले आणि कायदा व्हावयाला २०१३ उजाडले. या बाबतीत महाराष्ट्राने मात्र दिल्लीची वाट पाहिली नाही. १९७१ साली कायदा करून पुढच्या वर्षी लोकायुक्ताची नेमणूक केली. त्या लोकायुक्ताला दात किती होते, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

पण या सगळ्या यंत्रणा संसदेच्या बाहेरच्या. मला चिंता वाटते ती आतल्या गोष्टीची. मुंदडा प्रकरणातही संसदेने प्रश्न विचारला, भाषण केले, आणि चौकशी न्यायाधीशाच्या हाती दिली. स्वतः साक्षी काढल्या नाहीत. पुढे संयुक्त संसदीय समित्यांचा प्रयोग झाला, त्याचा अनुभव उत्साहजनक नाही. १९८७ साली बोफोर्स तोफांच्या व्यवहारासाठी पहिली अशी समिती बसली. तिचे अध्यक्ष आपल्याच शेजारच्या चिक्कोडीचे खासदार बी. शंकरानंद होते. प्रमुख विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार घातला. सरकार पक्षाच्या बहुमताने अहवाल तयार झाला आणि लोकांनी तो मानला नाही. समितीत पक्ष जसाच्या तसा जाऊन बसला तर समिती ही सभागृहाची छोटी प्रत होते, दुसरे काही नाही. १९८५च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानंतर तर पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची जागाच जाते. भाषणाला आजही आडकाठी नाही, हे खरे. पण आज फिरोज गांधींसारखा सभासद सरकारी बाकावरून उठला तर त्याला पुन्हा तिकीट मिळेल काय, हा विचार उठण्याआधी त्याच्या मनात आल्यावाचून राहील काय?

शेवटी त्यांच्याच आणखी एका कामाचा उल्लेख करतो, कारण वर्तमानपत्र वाचणाऱ्यांशी त्याचा थेट संबंध आहे. सभागृहात सभासदाने काहीही म्हटले तरी त्याच्यावर खटला होत नाही. पण तेच वर्तमानपत्राने छापले तर संपादक अब्रुनुकसानीच्या दाव्यात सापडत असे. म्हणजे लोकसभेतले सत्य लोकसभेच्या भिंतींतच कोंडलेले. १९५५च्या डिसेंबरमध्ये दालमिया-जैन उद्योगांतल्या विम्याच्या पैशाच्या घोटाळ्यावर बोलल्यानंतर फिरोज गांधींनी हे ओळखले आणि खासगी विधेयक आणून १९५६ साली कायदा करून घेतला: संसदेच्या कामकाजाचा यथार्थ वृत्तान्त द्वेषबुद्धीविना छापणाऱ्याला संरक्षण. मुंदडा प्रकरणी १६ डिसेंबरचे ते भाषण देशभर निर्भयपणे छापता आले ते या कायद्याच्या आधारावर. ८ सप्टेंबर १९६० रोजी फिरोज गांधी वारले. आणीबाणीत, त्यांच्या पत्नी पंतप्रधान असता, तो कायदा रद्द करण्यात आला. १९७७ साली तो पुन्हा आला, आणि १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने त्यातील तत्त्व अनुच्छेद ३६१-अ म्हणून घटनेतच घातले गेले. त्यात राज्यांच्या विधिमंडळांचाही समावेश आहे. तेव्हा बेळगावच्या किंवा पणजीच्या संपादकाने आपल्या विधानसभेतला एखाद्या मंत्र्याविरुद्धचा आरोप, गुप्त बैठकीतला नसेल तर, जसाच्या तसा छापला आणि त्यात द्वेषबुद्धी नसेल तर त्याला हे कवच आहे. ते कवच किती संपादक वापरतात, हे तुम्ही रोज सकाळी पाहतच आहात.

अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपत आली आहे. श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारावयाचे असल्यास त्यांनी अवश्य विचारावे.